हिरवी टिकली

सोमवार, १० फेब्रुवारी

आज प्रकल्पाचे विषय वाटले. पर्यावरणशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आम्ही सतरा जण आहोत आणि विषय सगळ्यांना एकच, कचरा. फक्त ज्याचा त्याचा कचरा वेगळा. आयुषने घंटागाडी घेतली, कारण ती त्याच्या दारात येते. तेजलने निर्माल्य घेतलं. मागच्या महिन्यात आम्हाला कचरा डेपो दाखवायला नेलं, तेव्हा ज्या दोघांना रुमाल बांधूनही मळमळलं होतं, त्याच दोघांनी डेपो घेतला. मी औषधांचे रिकामे डबे घेतले. द्राक्षांवर फवारतात त्या औषधांचे.

कारण तो डेपोच. तिथे ढिगावर एक बाई प्लास्टिक वेचत होती. हातात आलेला प्रत्येक कॅन उघडून आधी नाकाशी नेत होती. मी विचारलं तर म्हणाली, "बागेतला असंल तर दिवसभर डोकं दुखतं, म्हणून बघून घेते." सगळे पुढे गेले होते. मी तिचं वाक्य लिहून घेतलं. हा विषय दुसऱ्या कोणाला नको होता, हेही तितकंच खरं.

प्रकल्पाच्या मार्गदर्शक मॅडमनी दोन वह्या ठेवायला सांगितल्या आहेत. एक नोंदवही, ती त्या तपासणार. दुसरी स्वतःसाठी, ती कोणी तपासणार नाही. ही ती दुसरी. अम्मीला वाटतं मी घरी हिंदी-उर्दूची खिचडी बोलते तशीच लिहीत असेन. पण दहावीपर्यंत मराठी शाळा झाली, त्यामुळे भांडण हिंदीत आणि लिहिणं मराठीत अशी माझी वाटणी झाली आहे.

गावाचं नाव प्रबंधात छापायचं नाही असं ठरलंय. इथेही नको. दिंडोरीच्या पुढे पाच किलोमीटर, एवढं पुरे.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

नाशिकहून एसटीने दिंडोरी आणि तिथून निवृत्ती नावाच्या माणसाच्या जीपने गाव. जीपमध्ये चौदा माणसं आणि एक बोकड. खिडकीची जागा बोकडाला मिळाली.

भिमाजीकाकांची आठ एकर बाग आहे. ते मॅडमच्या ओळखीचे, म्हणून सुरुवात त्यांच्यापासून. विहिरीच्या कडेला, बांधावर आणि ओहोळात मिळून मी दोनशे डबे मोजले आणि पुढे मोजणं सोडून दिलं. इथे सगळे फवारणीच्या विषाला औषधच म्हणतात. मी चुकून विष म्हणाले तर काका म्हणाले, "हळू बोला ताई, द्राक्षं ऐकतील."

त्यांनी शेडसमोर जाळीचा पिंजरा ठेवायला जागा दिली. धुतलेले डबे त्यात जमा होणार आणि मधूनमधून टेम्पो येऊन ते नाशिकच्या एका पाईपच्या कारखान्यात नेणार. पद्धत पुस्तकातली आहे आणि सोपी आहे. रिकाम्या डब्यात पाव भाग पाणी घ्यायचं, झाकण लावून अर्धा मिनिट हलवायचं, ते पाणी फवारणीच्या टाकीतच ओतायचं. असं तीनदा. शेवटी डब्याला छिद्र पाडायचं, म्हणजे तो पुन्हा कोणी कशाला वापरू शकत नाही.

संध्याकाळी मजुरांना हे करून दाखवलं. पेठकडची टोळी आहे. दिवाळीपासून बागेच्या टोकाला पत्र्याच्या चार खोल्यांत राहते. टोळी लताबाईच्या शब्दावर चालते. ती पन्नाशीची असेल, बारीक, डोळे एखाद्या तपासनिसाचे. तिचा नवरा बारकू फवारणी करतो. बघत सगळेच होते, विचारलं फक्त लताबाईने.

"तीनदा धुतलं म्हंजे औषध जातं का सगळं?"

"नव्व्याण्णव टक्क्यांच्या वर जातं," मी म्हणाले. पुस्तकात तसंच आहे.

"आणि वास?"

"तोही जातो."

तिने मान डोलावली. इतकं लक्ष देऊन ऐकणारं आमच्या वर्गात कोणी नाही.

सोमवार, १७ फेब्रुवारी

छिद्रांचं प्रकरण आज बंद केलं. नमुन्यासाठी वीस डबे तापल्या सळईने भोसकून पोत्यात भरले आणि पोतं निवृत्तीच्या जीपमध्ये ठेवलं. तळाशी राहिलेले थेंब छिद्रांतून गळले, पोत्यातून गळले आणि एका आजोबांच्या धोतरापर्यंत पोचले. फाट्यावर निवृत्तीने मला आणि पोत्याला उतरवलं. "ताई, तुमच्यापेक्षा बोकड परवडला," म्हणाला. पुढचं सव्वा किलोमीटर मी पोतं ओढत नेलं.

तेव्हा असं ठरवलं की छिद्र गावात पाडायचंच नाही. कारखान्यात डब्यांचा चुरा होतोच, मग आधी भोक पाडून मिळवायचं काय? मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "प्रॅक्टिकल विचार आहे, लिहून ठेव." नोंदवहीत 'स्थानिक परिस्थितीनुसार पद्धतीत केलेला बदल' असं लिहिलं. वाक्य चांगलं जमलं आहे.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

पिंजऱ्यात डबे येतात, पण निम्मे न धुतलेले. काकांचं म्हणणं, "माणसाला शाबासकी लागते. माझ्या बैलालासुद्धा लागायची." म्हणून मी नाशिकहून हिरवे गोल स्टिकर छापून आणले. त्यावर पाण्याचा थेंब आणि बरोबरची खूण. डबा मी स्वतः उघडायचा, टॉर्च मारून आत बघायचा आणि नीट धुतलेला असला तरच स्टिकर लावायचा. त्यावर तारीख आणि माझ्या नावाचा अ. अ ची शेपटी मी जरा लांब काढते, लहानपणापासूनची खोड आहे.

बायका त्याला टिकली म्हणतात. आज त्यांच्यात चक्क चढाओढ लागली. ज्यांचे डबे मी परत केले, त्या मुकाट्याने जाऊन पुन्हा धुऊन घेऊन आल्या. लताबाईने पाच डबे आणले. पाच-पाच लिटरचे, पांढरे, धरायला कान असलेले. आत डागही नाही. बाहेरून तिने राखेने घासले होते, हे तर मी सांगितलंही नव्हतं. पाचही डब्यांना टिकली दिली. नोंदवहीत लिहिलं, 'स्वयंप्रेरणा'.

टिकल्या लावताना ती घरचं सांगत होती. तिची सासू आक्काबाई पाड्यावर असते. लताबाईची अडीच वर्षांची नात तिच्याजवळ ठेवली आहे, मुलीचे आईबाप पिंपळगावला द्राक्षांच्या पॅकिंगवर आहेत. पाड्यावर झरा खाली उतारावर. म्हातारी एका कडेवर पोर आणि दुसऱ्या हाताने घागर घेऊन चढते. घागर हिंदकळते, वर येईस्तोवर निम्मी होते. "झाकणाचं काही असलं तर बरं पडंल," लताबाई म्हणाली. मी हो म्हणाले. मला पुढचे डबे तपासायचे होते.

मंगळवार, ४ मार्च

तिसरा रोजा. अम्मीचं म्हणणं, रोज्यात बागा हिंडायला जाऊ नकोस. मी म्हणाले की अल्लाने प्रबंधाची तारीख पुढे ढकलली तर नाही जाणार. ती तीन तास बोलली नाही, पण पहाटे सहेरीला दोन पराठे जास्त वाढले.

दुपारी लताबाईने पाण्याचा पेला पुढे केला. मी सांगितलं, महिनाभर दिवसा काही घेत नाही, पाणीसुद्धा नाही.

"थुंकी गिळली तर?"

"ती चालते."

"मग बरं हाय. आमच्या एकादशीला शेंगदाणे चालत्यात, तुमच्यात थुंकी." टोळी बराच वेळ हसत होती. मीही हसले. मग तिने पेला आत नेला आणि म्हणाली, "उपास सुटला की प्या. माझ्या घरचं पाणी राहिलं तुमच्याकडं."

आज आलेख काढायला घेतला. एक गोष्ट मजेशीर आहे. मोठे, कान असलेले डबे लखलखीत धुऊन येतात. छोट्या बाटल्या आहेत तशाच बांधावर पडून राहतात, त्यांना कोणी हात लावत नाही. मी निष्कर्ष असा लिहिला की वस्तूचा आकार मोठा असेल तर तिच्याविषयी जबाबदारीची भावना वाढते. यावर वाचायला काही मिळतं का ते बघायला हवं.

बुधवार, १२ मार्च

टेम्पो आला. आतापर्यंत मी एकशे सेहेचाळीस टिकल्या लावल्या आहेत. टेम्पोत चढले एक्याण्णव डबे. दोनदा मोजले. पंचावन्न कमी.

पिंजऱ्याला कडी आहे, कुलूप नाही. भंगारवाल्याचा हात असणार. काकांना विचारलं तर ते क्रेट मोजत होते. "गेले तर गेले," म्हणाले. "तुम्हाला रान साफ पाहिजे होतं ना? झालं की साफ." मग मान वर करून माझ्याकडे बघितलं, काहीतरी बोलणार होते, तेवढ्यात व्यापाऱ्याचा फोन आला.

उद्या होळी. टोळ्या आजच घरी निघाल्या, होळीला हे लोक पाड्यावर पोचणारच, बागेत माल लोंबत असला तरी. निवृत्तीच्या जीपच्या टपावर गाठोडी, पाट्या आणि दोरीने ओवलेले पांढरे डबे होते. लताबाई मागच्या दाराशी लटकून उभी होती. नातीसाठी घेतलेला गुलाबी फ्रॉक तिने मला लांबूनच उलगडून दाखवला. मी हात हलवला. मग परत जाऊन कुलपाची चौकशी केली.

बुधवार, १९ मार्च

होळीहून टोळी परत आली आणि टिकलीला आता मागणी आहे. हा शब्द मी विचार करून वापरते आहे. शेजारच्या दोन बागांतल्या बायका डबे घेऊन माझी वाट बघत बसल्या होत्या. सगळे मोठे, सगळे घासलेले. एकीने विचारलं, "दोन टिकल्या लावल्या तर अजून चांगला होतो का?" मी तिला सांगितलं, एकच पुरे, तपासणी सगळ्यांची सारखीच असते. ती समाधानाने डबा कमरेवर घेऊन गेली. पिंजरा दुसऱ्या बाजूला होता. डबा पिंजऱ्यात टाकायचा असतो हे सगळ्यांना पुन्हा सांगितलं पाहिजे.

मॅडमना फोटो पाठवले. त्या फार खूश आहेत. एप्रिलमधल्या स्पर्धेसाठी भित्तिपत्रक करायचं ठरलं. नाव 'हिरवी टिकली'. मला एरवी असल्या नावांचा वैताग येतो, पण आज छान वाटलं. मी केलेलं काहीतरी कोणाला तरी हवं आहे, हे पहिल्यांदाच होतंय. खोटं कशाला लिहू.

सोमवार, २४ मार्च

ऊन अडतीस अंश. लताबाई आज कामावर नव्हती, खोलीत आडवी होती. ओठांना मुंग्या येतात, पोटात कळा येतात, डोकं जड होतं, असं आठ दिवस चाललंय म्हणाली. बारकूलाही उलट्या. पलीकडच्या खोलीतली एक बाईही तशीच. दुकानातून गोळ्या आणून घेतल्या आहेत.

मी म्हणाले, उन्हाचं आहे. दिवसभर बागेत उभं राहायचं आणि अंगात पाणी नाही, मग दुसरं काय होणार? भरपूर पाणी प्या. रोज्यामुळे मला हल्ली दिवसभर पाण्याचेच विचार येतात, त्यामुळे सल्ला अगदी मनापासून दिला.

"पितेच गं," ती म्हणाली. "भरून ठेवलंय उशाला."

तिने मला अगंतुगं करायला सुरुवात केली आहे. ताईची 'गं' झाले. मला ते आवडलं.

सोमवार, ३१ मार्च

ईद. काल पाडवा होता, त्यामुळे गल्लीच्या एका टोकाला गुढ्यांच्या काठ्या अजून भिंतीला टेकलेल्या होत्या आणि दुसऱ्या टोकाला शेवया उकळत होत्या. दिवसभर पाहुणे. एका खालांनी विचारलं की मुलगी काय करते, तर अम्मीने सांगितलं, "गाँववालों को बर्तन धोना सिखाती है." ती थट्टा होती की तक्रार, ते कळलं नाही.

परवा गावात जाताना लताबाईसाठी शीरखुर्मा न्यायचा आहे. अम्मीने स्टीलचा डबा भरून ठेवला आणि डबा परत आणायची ताकीद दिली.

बुधवार, २ एप्रिल

जे झालं ते क्रमाने लिहिते.

साडेबाराला पोचले. लताबाई दाराशी बसली होती, चेहरा उतरलेला. शीरखुर्मा दिला. तिने बोटावर घेऊन चाखला, गोड जास्त झालाय म्हणाली आणि अजून एक बोट घेतलं. मग म्हणाली, "आज उपास नाय ना? बस मग. आधी पाणी पी."

मला तहान लागलेली होती. ती आतून पांढरा डबा घेऊन आली. पाच लिटरचा, कान असलेला. पेला भरला आणि माझ्या हातात दिला. डब्यावर हिरवी टिकली होती. एकवीस दोन, आणि लांब शेपटीचा अ.

मी विचारलं, "यात काय ठेवता?" समोर ओतलेलं दिसत असताना विचारलं.

"पाणी," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"तू टिकली लावली तवापासून."

मी पेला उलटा केला. ठरवून नाही, हाताने केला. पाणी दारात सांडलं आणि मातीत जिरलं.

लताबाई त्या ओल्या जागेकडे बघत राहिली. मग सावकाश म्हणाली, "म्हंजे तो उपास नव्हताच. महिनाभर आमच्या हातचं पाणी टाळलं. सरळ सांगायचं व्हतं. आम्हाला काय नवीन नाय."

मी नाही म्हणाले. रोजा खरा होता, तुमच्या हाताचं काही नाही, या डब्यातलं पाणी वाईट आहे, असं सगळं एकदम बोलले.

"डबा तर तू तपासला."

"कारखान्यात न्यायला तपासला. पाणी प्यायला नाही."

"असं कुटं सांगितलं?"

आठवून बघितलं. कुठेच सांगितलं नव्हतं. छिद्र पाडा एवढं पहिल्या दिवशी म्हणाले होते, तेही मग मीच बंद केलं. मी म्हणाले, "तीनदा धुतलं तरी प्लास्टिकमध्ये थोडं मुरलेलं राहतं. ते पुन्हा पाण्यात उतरतं."

"नव्व्याण्णव टक्के गेलं म्हणाली व्हतीस."

"हो. उरलेलं..."

"उरलेलं तू सांगितलं नाय." तिचा आवाज चढलेला नव्हता. "मला वाचता येत नाय. टिकली कळते. टिकली चांगल्यालाच लावत्यात."

मला रडू आलं होतं. पण माझं काही गेलं नव्हतं, जे जायचं ते तिचं जात होतं, म्हणून आवरलं. मला माझी लाज वाटली. हे इथे लिहून ठेवते, कारण नोंदवहीत त्याला रकाना नाही.

मग ती एकदम उठून उभी राहिली आणि दाराला धरून म्हणाली, "होळीला दोन डबे आक्काबाईला दिले. नात त्यातलंच पिते."

पाड्यावर फोन लागत नाही. लागतो तो टेकडीवर गेलं की, आणि आक्काबाईकडे फोन नाही.

गुरुवार, ३ एप्रिल

सकाळी सातला गावात. लताबाई, बारकू आणि त्या तिसऱ्या बाईला निवृत्तीच्या जीपमधून सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तिघांचं रक्त घेऊन तपासायला नाशिकला पाठवलं. हे डब्यामुळे का, असं मी विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही, तो माणूस तोंड न बांधता फवारतो, बायका त्याच बागेत असतात, कशाचं किती ते कोण वेगळं करणार. नातीला मात्र दाखवायला आणा म्हणाले. पाड्याकडे आजच निघायचं मी म्हणत होते, पण लताबाईला आणि बारकूला सलाईन लावलं होतं, टोळीतलं दुसरं कोणी त्यांच्या पाड्यावरचं नाही आणि मला तिथला रस्ता माहीत नाही. फोनसाठी टेकडीवर जाणाऱ्या पाड्याकडच्या एका ओळखीच्या माणसाला फोन करून बारकूने निरोप ठेवला, डब्यातलं पाणी देऊ नका म्हणून. तो पोचेल की नाही, माहीत नाही.

दुपारी परत येऊन खोल्याखोल्यांत गेले. दोनशे अडतीस टिकल्या लावल्या होत्या, टेम्पोने नेलेले एकशे एक्कावन्न. भंगारवाला बिचारा कुठेच नव्हता. आसपासच्या तीन बागांत मिळून सेहेचाळीस डबे सापडले. पाणी, ताक, एका ठिकाणी गोडं तेल. सगळे सळईने भोसकले. बायका दारांत उभ्या होत्या. एकीने विचारलं, "मग आता पाणी कशात भरू?" नळाला पाणी लाइट असेल तेवढा वेळच येतं, आणि तिच्या खोलीत दुसरं भांडं खरंच नव्हतं. दीड महिना मी त्या खोल्यांसमोरून जात-येत होते, हे मला दिसलं नव्हतं. भिमाजीकाकांनी घरातून दुधाच्या दोन जुन्या किटल्या आणि तीन माठ आणून दिले.

ते म्हणाले, "मला दिसत व्हतं ताई. पण तुम्ही टॉर्च लावून बघता, सही करता. म्हटलं, आता शास्त्र पुढं गेलं असंल." ते टोमणा मारत नव्हते, त्यामुळे जास्त लागलं.

मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, प्रबंधात शेवटी 'मर्यादा' असा भाग असतो, त्यात एक परिच्छेद येऊ दे. भित्तिपत्रक छापून आलंय म्हणाल्या. मी म्हणाले, ते लावू नका. त्यांनी 'बघू' म्हणून फोन ठेवला.

एक्केचाळीस डबे राहिले. ते होळीला गेले.

रविवार, ६ एप्रिल

लताबाईला काल सोडलं. आज तिच्याबरोबर पाड्यावर गेले. मी एकटी जाते, खुणा सांगा, असं म्हटलं होतं. ती म्हणाली, "तुला कोण डबा देणार हाय?" फाट्यापर्यंत जीप, पुढे दीड तास चालणं. ती तीनदा बसली. मी माझी बाटली पुढे केली तेव्हा तिने ती घेतली, उघडून नाकाशी नेली आणि मग प्यायली.

आक्काबाई अंगणात होती. नात तिच्या पायाशी, गुलाबी फ्रॉकमध्ये. निरोप पोचला नव्हता. पोरीला बरं दिसत होतं, पण दिसण्यावर मी आता काही लिहीत नाही. उद्या दवाखान्यात नेणार आहोत. या डब्यांतलं पाणी प्यायचं नाही, असं मी आक्काबाईला सांगितलं. एक डबा रिकामा होता, तो लताबाईने उचलून माझ्याकडे दिला. दुसरा आक्काबाईने मांडीशी ओढून घेतला.

"ह्यो तपासलेला हाय," ती म्हणाली. "नाशिकची बाई एक एक डबा उघडून बघती, मग टिकली लावती. तिची सही हाय ही. तुला काय माहीत?"

मी लताबाईकडे बघितलं. ती उंबऱ्यावर बसली आणि नातीच्या केसांतल्या गाठी सोडवायला लागली.

मी पिशवीतून पेन काढलं आणि या वहीचं मागचं एक पान फाडून त्यावर अ काढला. नेहमीसारखाच, लांब शेपटीचा. पान आक्काबाईला दिलं. तिने ते टिकलीशेजारी धरलं. आधी टिकलीवरच्या शेपटीवरून बोट फिरवलं, मग कागदावरच्या. पुन्हा एकदा दोन्हीवरून. तिला घाई नव्हती.

"सारखाच हाय," ती म्हणाली.

"ती बाई मीच."

तिने माझ्याकडे नीट बघितलं, पायांतल्या चपलांपासून वर. "मग तू तवा खरी का आता?"

"तेव्हा चुकले."

तिने पान मला परत दिलं. डब्याला धरून उठली. डबा अर्धा भरलेला होता. पाणी सकाळीच खालून आणलेलं, ती चढण मी येताना बघितली होती. दारापुढे भोपळ्याचा वेल मांडवावर चढवला होता आणि पलीकडे गाय बांधलेली होती.

"गायीला पाजू?" तिने विचारलं.

"नको."

"मग भोपळ्याला घालू का?"

पुस्तकात काय असेल ते मी आठवून बघितलं. मग म्हणाले, "माहीत नाही."

आक्काबाईने डबा खाली ठेवला नाही. मी अजून काही सांगेन म्हणून ती तो हातात घेऊन तशीच उभी राहिली.